परत मागण्याचा खटला

ऑटोमन साम्राज्यात कुणी आपली मिळकत वक्फ केली, की दानपत्राच्या शेवटी बहुधा एका खटल्याची हकीकत यायची. दाता आपली मिळकत मुतवल्लीच्या, म्हणजे वक्फच्या कारभाऱ्याच्या, ताब्यात देतो. मग तोच दाता काझीसमोर उभा राहून म्हणतो, इमाम अबू हनीफांच्या मते वक्फ केलेल्या वस्तूवर देणाऱ्याची मालकी उरते, तेव्हा माझी मिळकत मला परत मिळावी. मुतवल्ली हरकत घेतो. अबू हनीफांचेच शिष्य अबू युसुफ आणि मुहंमद अश-शैबानी यांचं मत तो पुढे करतो: एकदा वक्फ झालं की मालकी माणसाकडून सुटली, ती परत फिरत नाही. काझी दोन्ही बाजू ऐकून दात्याच्या विरुद्ध निकाल देतो. हा निकाल सर्वांना आधीच ठाऊक असे. मतभेद असलेल्या मुद्द्यावर न्यायाधीशाचा हुकूम झाला, की पुढे कोणा वारसाला तो उकरून काढता येऊ नये, एवढ्यासाठी हा खटला चालवून घेत.

माझी सगळी वकिली देवस्थानांच्या कज्ज्यांत गेली. पुण्यातली धर्मादाय आयुक्तांची कचेरी, कलम २२ खालचे बदल अर्ज, कलम ३६ खालच्या विक्रीच्या परवानग्या, विश्वस्तांची आपापसातली भांडणं. या ठरवून हरायच्या खटल्याविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसले. देताना माणूस उदार असतोच. जमिनीचा भाव वाढला, मुलगा कर्ता झाला, सून घरात आली, की त्याची खरी परीक्षा होते. तो नंतरचा माणूस या काझींनी दानाच्या दिवशीच कोर्टात बोलावून घेतला, त्याला मनातलं मागू दिलं आणि सर्वांसमक्ष हरवलं. दान पुरं होतं ते तिथे, असं मला वाटतं. उदक सोडताना ते नुसतं सुरू होतं.

मुलगी व्हिएन्नात नोकरीला आहे. तिच्याकडे गेले असताना बोस्नियातल्या सारायेव्होला जायचा आग्रह माझा. गाझी हुसरेव-बेगाची मशीद पाहायची होती. तिथले लोक तिला बेगाची मशीद म्हणतात. बाश्चार्शिया या जुन्या बाजारात, सराची रस्त्यावर, दुकानांच्या ओळीतच तिचं फाटक आहे. आत गेलं की अंगण, मधोमध छत असलेलं कारंजं, त्याच्या तोट्यांवर वजू करणारी माणसं. कोणी बाजारातली पिशवी शेजारी ठेवून पाय धूत होता. समोर मोठा घुमट, जमिनीपासून सुमारे २६ मीटर उंच. बाजूला एकच मिनार. दोन नमाजांच्या मधल्या वेळात बाहेरच्यांना तिकीट काढून आत जाता येतं. मी डोक्यावरून पदर घेतला. मुलीला तिथे रुमाल मिळाला.

मशीद बांधून झाली १५३१ मध्ये. प्रसिद्ध ऑटोमन वास्तुकार सिनान याच्या आधी जो शाही मुख्य वास्तुकार होता, त्या अजम अलीची ही वास्तू मानतात. हुसरेव-बेग म्हणजे सुलतान दुसरा बायझीद याच्या मुलीचा, सेल्जुकाचा मुलगा. जन्म आजच्या ग्रीसमधल्या सेरेसचा, वडील हर्झेगोव्हिनाकडचे. १५२१ पासून १५४१ मध्ये मरेपर्यंत, मधले खंड सोडले तर, बोस्नियाचा कारभार त्याच्याकडे होता. आतल्या मिहराबचं कोरीवकाम सुंदर आहे, पण त्यावर मी फार लिहिणार नाही. ते पाहणारे आणि समजणारे दुसरे आहेत. मी गेले होते त्याचा वकुफ पाहायला. वक्फला बोस्नियात वकुफ म्हणतात. आपल्याकडे हा विषय निघाला की आता लगेच आवाज चढतात. त्या वादात मी इथे जात नाही, कारण मला त्याच्याही मागचा प्रश्न विचारायचा आहे: देवाला दिलं म्हणजे नेमकं कोणाला दिलं?

हुसरेव-बेगानं १५३१ आणि १५३७ मध्ये वकुफनामे करून दिले. मशिदीच्या भोवती त्या दानाचा पसारा अजून चालत फिरता येतो. रस्त्याच्या पलीकडे मदरसा, आईच्या नावानं सेल्जुकिया म्हटलेला. छपराच्या शिशावरून लोक त्याला कुर्शुम्लिया म्हणतात. मदरशाचं बांधकाम होऊन जे पैसे उरतील त्यातून चांगली पुस्तकं घ्यावीत, असं वकुफनाम्यात लिहिलेलं होतं, आणि त्या उरलेल्या पैशांच्या कलमातून उभं राहिलेलं ग्रंथालय आजही चालू आहे. वाटसरूंसाठी मुसाफिरखाना होता, गरिबांना जेवण देणारं इमारेत नावाचं स्वयंपाकघर होतं. कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी नळानं शहरात आणलं होतं. हे सगळं चालावं म्हणून दगडी छताचा लांबलचक बाजार, सराय, हमाम आणि त्यांची भाडी. शेजारच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर अजून सूर्यास्ताला बारा वाजतात, म्हणजे मगरिबच्या, सूर्यास्तानंतरच्या नमाजाची वेळ कोणालाही मान वर करून कळते. आणि मशिदीच्या लगतच सार्वजनिक शौचालय आहे, तेही मशिदीच्याच काळातलं मानतात. वापरात आहे. मी मुद्दाम जाऊन आले. पाणी वाहतं होतं.

त्या शौचालयापाशी मी थांबले ती बराच वेळ. मालकी कोणाची, असा प्रश्न कोर्टात आला तर काझीच्या त्या निकालानंतर हनफी कायद्याचं उत्तर एकच: माणसाची नाही, ईश्वराची. मशीद त्याची, तसा मदरसा त्याचा, तशीच ही शौचालयाची फरशीही त्याची. त्याला यातलं काहीच लागत नाही. ज्याला काही लागत नाही त्याच्या नावावर मिळकत चढवायची, एवढ्यासाठीच, की ज्यांना लागतं त्यांना ती कोणाची परवानगी न मागता वापरता यावी.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. आपण देवालाच माणसासारखं कायद्यात उभं केलं. सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात देवाचं नाव असतं, खाली वहिवाटदार म्हणून माणसाचं. देव कोर्टात दावा लावू शकतो, त्याच्यावर दावा लागू शकतो, आणि त्याचं वय कधीच वाढत नाही. अज्ञान मुलासारखा तो कायम दुसऱ्याच्या पालनात असतो. त्याला पहाटे उठवायचं, न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, शेज करायची. पंढरीला हे ज्यानं पाहिलं आहे त्याला देव ही कायदेशीर कल्पना आहे असं सांगून पटणार नाही, आणि पटू नये.

पण आपल्या मीमांसकांनी यावर फार पूर्वी बोट ठेवलं होतं. शबरस्वामींनी जैमिनीच्या सूत्रांवरच्या भाष्यात म्हटलं, की देवता खात नाही, भोगत नाही, तिची मालकी केवळ बोलण्यापुरती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या आपल्या ग्रंथात देवप्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांचं सगळं शास्त्र मांडून ठेवलं आहे. १९५६ मध्ये देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं शबरांच्या त्याच मताचा आधार घेत सांगितलं, की मूर्तीला दिलेल्या मिळकतीचे खरे लाभधारक भक्त असतात. म्हणजे दोन्ही वाटा त्याच ठिकाणी येऊन पोचल्या. एका परंपरेनं देवाला माणसासारखा मालक केला, दुसरीनं माणसाची मालकीच संपवली, आणि दोघींनाही मिळकत माणसाच्या मुठीतून सोडवायची होती.

यातली कोणती वाट बरी, हे मला वकील म्हणून अनेक वर्षं ठरवता आलं नव्हतं. भक्त म्हणून माझं मन आपल्या बाजूला आहे. ज्याला थंडी वाजते असं मी मानते, ज्याला माघात उबदार पांघरूण घालते, त्याचं शेत कोणी लाटलं तर माझा जीव जळतो. लाभधारकांचा समूह या नावासाठी कोणाचा जीव जळत नाही. पण कचेरीत जे पाहिलं ते असं, की देव जितका माणसासारखा, तितका त्याच्या आणि आपल्या मधला माणूस मोठा होत जातो. अज्ञानाचा पालनकर्ता हळूहळू मालक होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी नंदादीपासाठी दिलेली जमीन होती, मोडीतली सनद शाबूत होती. वहिवाटदारांच्या पुढच्या पिढ्यांनी ती तुकडे करून विकली. मी देवाच्या वतीनं उभी होते. समईला तेल कुठून येतं, असं न्यायाधीशांनी विचारलं. शेजारची एक म्हातारी घालते, असं उत्तर आलं. तिचं नाव कोणत्याच कागदावर नव्हतं.

मुतवल्ली चांगलेच निघतात असं मुळीच नाही. कारभारी खाणारा असला की वक्फही खाल्लं जातं, याच्या हकीकती ऑटोमन दप्तरांतही पुष्कळ आहेत. मला भावला तो कारभारी नेमण्याचा हुसरेव-बेगाचा निर्णय. मशिदीच्या अंगणात दोन मकबरे आहेत. मोठा त्याचा. लहान मुराद-बेग तार्दिचचा. मुराद मूळ आड्रियाटिक किनाऱ्यावरच्या शिबेनिकचा ख्रिस्ती मुलगा, लढाईत पकडलेला, गुलाम झालेला, पुढे मुक्त झालेला, आणि शेवटी या सगळ्या वकुफाचा पहिला मुतवल्ली. आपली सगळी कमाई हुसरेव-बेगानं ज्याच्या हाती दिली, त्याच्या मालकीचं एकेकाळी काहीच नव्हतं, त्याचा स्वतःचा देहही.

इथे मात्र मला गप्प बसता येत नाही. मुराद गुलाम झाला कोणामुळे? बेलग्रेड पडलं त्या १५२१ च्या मोहिमेत हुसरेव-बेग होता, १५२६ च्या मोहाचच्या लढाईत होता, डाल्मेशियात त्याच्या फौजा गावं घेत होत्या. नळाचं पाणी, फुकटचं जेवण आणि पुस्तकं ज्या पैशातून आली, त्यात लूट होती, माणसं विकल्याचा पैसा होता. दान केल्यानं तो धुऊन निघाला असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. गंगेत बुडी मारून चोरीचा माल आपला होत नाही. तरीही पाणी पिणाऱ्यावर त्याचा डाग येतो का? मला वाटतं, नाही, आणि त्याचं कारण तो कोर्टातला खटलाच आहे. पैसा देणाऱ्याच्या हाताशी जोडलेला राहतो तोवर त्या हाताचं पाप त्याला चिकटलेलं असतं. हात खरोखर सुटला, तर पाप हाताबरोबर मागे राहतं. ज्यानं केलं त्यानं ते फेडावं. अहिल्याबाई होळकरांनी राघोबादादांपुढे आपल्या खासगीच्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवलं असं सांगतात. आता हे माझं नाही, मग तुम्ही चढाई करून तरी काय नेणार, असा त्या कृतीचा अर्थ होता. सत्तेपुढे बाईनं केलेला तो युक्तिवाद मला कोणत्याही निकालपत्रापेक्षा पक्का वाटतो.

हात न सुटलेलं दान कसं दिसतं, तेही त्याच मशिदीत पाहायला मिळालं. १९९२ ते १९९६ च्या सारायेव्होच्या वेढ्यात तोफगोळ्यांनी मशिदीचं नुकसान झालं. बोस्नियातलं युद्ध थांबल्यावर परदेशी पैशातून दुरुस्ती झाली आणि आतल्या भिंती पांढऱ्याफटक होऊन बाहेर आल्या. देणाऱ्यांच्या धर्मकल्पनेत नक्षीला जागा नव्हती. सारायेव्होतल्या अनेकांना ते लागलं. ज्या घुमटाखाली त्यांचे आजे-पणजे बसले होते, तो दुसऱ्याच देशातला वाटू लागला. पुढे काही वर्षांनी बोस्नियन सुलेखनकार हाझिम नुमानागिच यांच्या हातून भिंतींवर पुन्हा अक्षरं आणि रंग आले. मी पाहिली ती ही मशीद. मुलीला नक्षी जरा जास्त वाटली. मला प्रत्येक वेलबुट्टी त्या लोकांचं म्हणणं वाटत होती, की देणगी घेतली म्हणून आम्ही आमचे डोळे दिलेले नाहीत. देवळाच्या जीर्णोद्धाराला मोठी देणगी देऊन जुनी काळी शिळा काढून तिथे चकचकीत संगमरवर बसवायला लावणारे दाते मी आपल्याकडेही पाहिले आहेत. पायरीवर त्यांचं नाव असतं. त्या पायरीवर पाय ठेवताना आपण कोणाच्या घरात चाललो आहोत असा प्रश्न पडतो.

वेढ्याच्या काळात ग्रंथालयातल्या हस्तलिखितांचं काय झालं, हे मला मदरशाजवळ एका ग्रंथपालबाईंनी सांगितलं. ऑगस्ट १९९२ मध्ये शहराचं राष्ट्रीय ग्रंथालय गोळ्यांनी पेटवलं गेलं. बेगाच्या ग्रंथालयातल्या लोकांनी मात्र हस्तलिखितं केळ्यांच्या खोक्यांत भरून पुन्हा पुन्हा जागा बदलल्या, एकदा नव्हे, अनेकदा, गोळीबारातून, हातानं उचलून. मी विचारलं, त्यांना पगार मिळत होता का. बाई हसल्या. कोणत्या मालकासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला, असा प्रश्न माझ्या मनात होता तो मी विचारला नाही. १५३७ च्या कागदावर उरलेल्या पैशातून पुस्तकं घ्या असं लिहिलं होतं. ती जपताना मरा असं कोणी लिहिलं नव्हतं.

कायद्यानं वक्फ संपत नाही, पण राज्यं कायदा बदलतात. १९५८ च्या युगोस्लाव राष्ट्रीयीकरणात भाड्याच्या इमारती आणि बांधकामाच्या जमिनी सरकारजमा झाल्या, त्यात वकुफाच्याही गेल्या. सगळ्या अजून परत मिळालेल्या नाहीत. बान्या लुका शहरातली फरहादिया मशीद, १५७९ ची, ७ मे १९९३ ला स्फोटकांनी उडवून दिली गेली. जागा सपाट केली, दगड कचराडेपोत टाकले. लोकांनी ते दगड शोधून आणले आणि ७ मे २०१६ ला ती मशीद पुन्हा उघडली. तिथे काहीच उभं नव्हतं त्या मधल्या वर्षांत मालक कोण होता? माझ्यासारखीला हा प्रश्न झोपू देत नाही. शास्त्र म्हणतं, तोच होता जो आधी होता. रिकाम्या भूखंडावर, पाडणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, ज्याची मालकी कोणाला दिसत नाही अशा एकाची मालकी चालू होती. मी अंधश्रद्ध नाही, पण या वाक्यावर माझी श्रद्धा आहे.

आता घरचं. आमच्या गावी मारुतीचं देऊळ आहे, तीन एकर इनाम जमीन आहे आणि वहिवाट आमच्या घराण्याची आहे. आप्पा देवाच्या झाडाचे आंबे घरी आणले की त्यांचे बाजारभावानं पैसे पेटीत टाकत. लहानपणी मी म्हटलं होतं, "आप्पा, देव काय मोजून घेतो का?" ते म्हणाले, "तो नाही मोजत गं, म्हणून मी मोजतो." आता रस्ता झाला आहे, भाव आला आहे. दादाचं म्हणणं, परवानगी काढू, विकू, देवाच्याच नावे मुदत ठेव ठेवू, व्याजातून उत्सव थाटात होईल. त्याच्या मनात पाप नाही. पण हिशोब तोच ठेवणार, आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा. मी सारायेव्होहून फोन केला आणि म्हटलं, दादा, आपण वहिवाट सोडू. गावच्या लोकांची समिती होऊ दे, त्यात आपल्या घरचं कोणी नको, आणि शाळेजवळच्या वस्तीतली, जिला आपण आजवर गाभाऱ्याच्या बाहेर ठेवलं, ती माणसं असू देत. तो म्हणाला, "मग आपलं राहिलं काय?"

हुसरेव-बेगानंही स्वतःसाठी काहीतरी ठेवलं होतं. आपल्या आत्म्यासाठी कुराणाचं पठण व्हावं, अशी तरतूद त्याच्या दानात होती. आपल्या जुन्या सनदांतही देवाची सेवा करून राज्याचं अभीष्ट चिंतावं असं येतं. गावच्या मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या सनदाही मी हाताळल्या आहेत. तिथेही देणाऱ्याला दुवा हवीच असे. मग हे दान अपुरं का? मुलगी म्हणाली, अपुरंच. शेवटी नाव मागितलंच ना. मला तसं वाटत नाही. नाव मागणं आणि मिळकत मागणं यांत फरक आहे. नाव लोकांनी घ्यायचं ठरवलं तरच राहतं, त्यावर कोणताही काझी हुकूम देऊ शकत नाही. जे मागून मिळेलच अशी खात्री नाही, ते मागायला माणसाला मोकळीक असावी.

समितीच्या योजनेचा मसुदा मी परत आल्यावर लिहायला घेतला. वंशपरंपरेचं कलम काढलं. विक्रीला ग्रामसभेची संमती आणि आयुक्तांची परवानगी, दोन्ही लागतील असं घातलं. आंब्याच्या पैशांचं कलम आप्पांच्या पद्धतीनं घातलं: समितीच्या सभासदानं फळ नेलं तर बाजारभावानं पैसे पेटीत. शेवटी एक ओळ दादासाठी आहे, की आप्पांच्या तिथीला देवळात एक दिवा त्यांच्या नावानं लावावा. समितीला ती ओळ नको असेल तर ती त्यांनी काढावी, असंही खाली लिहिलं आहे. दादानं अजून सही केलेली नाही.